केळी सल्लागाराची वेबसाइट: लोक बघून जातात, फोन करत नाहीत

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात केळी बागांना सल्ला देतो. मृग बाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्याच्या शेवटी होणारी लागवड) दोन्ही. लागवडीआधी माती-पाणी तपासणी, ठिबकमधून खतांचं वेळापत्रक, करपा (पानांवरचा डागांचा रोग), घडाची निगा, आणि माल निर्यातीला जाणार असेल तर फ्रूट केअर, असं काम आहे. आतापर्यंतचे शेतकरी एकमेकांच्या सांगण्यावरून आले.

वेबसाइट वर्डप्रेसवर करून घेतली. पाच पानं आहेत: होम, अबाउट, सर्व्हिसेस, गॅलरी, कॉन्टॅक्ट. वर चार फोटोंचा स्लायडर, त्यावर इंग्रजीत स्वागत. मजकूर सगळा इंग्रजी, शेवटी एक फॉर्म. माझं नाव टाकलं तर गूगलवर साइट सापडते, केळीबद्दल काही शोधलं तर सापडत नाही. लोक येऊन जातात हे आकड्यांत दिसतं, पण फोन येत नाही.

विचारायचं असं: मजकूर मराठीत करू की दोन्ही भाषांत? फी लिहावी का? फॉर्म ठेवू की व्हॉट्सॲप? आणि मोठी शंका ही की करप्यावर काय करायचं ते साइटवरच लिहून टाकलं तर शेतकरी वाचून परस्पर फवारणी करेल, मला कशाला बोलावेल? जाहिरातीवर पैसे घालावेत का, तेही सांगा.

तापीकाठ

भाऊ, साइट उघडणारा माणूस कोण हे आधी ठरवा. तुमच्याकडे मुख्यतः तीन तऱ्हेचे लोक येणार. एक, ज्याला शेजारच्या शेतकऱ्याने तुमचं नाव सांगितलं आणि तो खात्री करायला आला. दुसरा, ज्याच्या बागेत आज काहीतरी बिघडलंय आणि तो बांधावर उभा राहून मोबाइलवर लक्षण शोधतोय. तिसरा, शेतकऱ्याचा पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी. गावी वडील बाग सांभाळतात, आणि कोणाला बोलवायचं हे इकडून ठरतं. या तिघांपैकी कोणालाच स्लायडर बघायचा नाही.

स्लायडर काढून टाका. मोबाइलवर बोट न सरकवता जेवढं दिसतं, तेवढ्यात पीक, तालुके, शेतकऱ्याच्या हातात काय पडणार आणि फोनचं बटण आलं पाहिजे. नमुना देतो:

"रावेर, यावल, चोपडा तालुक्यांतील केळी बागांसाठी लागवडीपासून कापणीपर्यंत सल्ला. ठरलेल्या दिवशी बागेवर भेट, त्याच दिवशी लेखी वेळापत्रक. आम्ही खतं-औषधं विकत नाही आणि कुठल्याही दुकानाचं कमिशन घेत नाही."

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. खरं असेल तर मात्र सगळ्यात वर लिहा, कारण शेतकऱ्याच्या मनातली पहिली शंका तीच असते: हा माणूस सल्ला देतोय की माल खपवतोय. त्याचं उत्तर पाचव्या पानावर दडवून उपयोग नाही.

"शेतीविषयक संपूर्ण मार्गदर्शन" असली ओळ कुठेही ठेवू नका. ती वाचून कापसावाला फोन करत नाही आणि केळीवालाही करत नाही. उद्या हळद किंवा पपईची कामं घेतलीत तर त्यांची पानं वेगळी करा, पण पहिलं पान केळीचंच राहू द्या.

फी लिहा. फक्त एकक आपल्याकडचं घ्या. रावेर-यावलला कोणी एकर सांगत नाही, "दहा हजार खोड आहे" असंच सांगतात. ५ बाय ५ फुटांवर एकरी १,७४२ खोडं बसतात, ६ बाय ५ वर १,४५२. एकरी दर लिहिलात तर दोन शेजाऱ्यांना एकाच पैशात वेगवेगळं काम पडतं आणि पहिल्याच भेटीत घोळ होतो. म्हणून दर हजार खोडांमागे लिहा. त्याच्या जोडीला कमीत कमी किती खोडं घेता, हंगामात किती भेटी, किती किलोमीटरपुढे प्रवासखर्च वेगळा, आणि पैसे किती हप्त्यांत, हे सगळं एकाच तक्त्यात. फी दडवलेली असली की गरजू माणूस "परवडणार नाही" असं समजून निघून जातो, आणि राहतात ते नुसता भाव विचारणारे.

एक गोष्ट जरूर करा. अनोळखी माणूस पहिल्याच फोनला लागवड ते कापणी एवढा लांब करार करायला धजत नाही. त्याच्यासाठी "एक भेट" म्हणून वेगळी सेवा ठेवा: ठरावीक रक्कम, बागेवर दोन तास, सोबत लेखी अहवाल. पुढे पूर्ण बागेचं काम ठरलं तर ही रक्कम त्यात वळती. साइटवर सगळ्यात जास्त दिसलं पाहिजे ते हेच, कारण पहिलं पाऊल जेवढं लहान तेवढा माणूस लवकर फोन उचलतो.

अक्षरजुळणी

भाषेबद्दल आधी सांगते. मुख्य साइट मराठीत ठेवा. इंग्रजीचं एकच पान, निर्यातदार आणि पॅकहाउसवाल्यांसाठी. बुऱ्हाणपूरकडची कामं घेत असाल तर एक हिंदी पान. आपोआप भाषांतर करणारं बटण लावू नका. खोड, पील (केळीच्या बुंध्याशी फुटणारा कोंब), करपा या शब्दांचं ते काय करेल सांगता येत नाही, आणि चुकीच्या शब्दात खताची मात्रा वाचली गेली तर नुकसान शेतकऱ्याचं होईल.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप झालेला हवा. आपल्याकडे छपाईवाले अजून जुन्या फॉन्टमधला मजकूर देतात. तो साइटवर चिकटवला तर फोनवर अगम्य अक्षरं दिसतात आणि गूगलला त्यात मराठी सापडतच नाही. बॅनरचा फोटो करून त्यातच सगळा मजकूर घालणं हीदेखील तशीच चूक: मोबाइलवर तो मुंगीएवढा होतो आणि शोधात उतरत नाही.

फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, आकार १७-१८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर १.६ पट. इंग्रजी थीममध्ये शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. देवनागरीत ते शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरलेला दिसतो. वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी निवडा, म्हणजे ब्राउझरला आणि स्क्रीन वाचणाऱ्या ॲपला ती बरोबर कळते.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांतच ठेवा. पत्त्यात "केळी" लिहिलं आणि तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला, तर त्या एका शब्दाची टक्क्याच्या खुणांनी भरलेली ३६ अक्षरं होऊ शकतात. असा लांबलचक पत्ता बघून लोक लिंक उघडायला कचरतात.

आता गूगलवर न सापडण्याचं. सेटिंग्जमध्ये रीडिंग या भागात "सर्च इंजिनांना परावृत्त करा" अशा अर्थाची एक चौकट असते. साइट बनवताना तिच्यावर टिक करतात आणि नंतर ती काढायची राहते. तुमची साइट नावाने सापडते, म्हणजे बहुधा ती मोकळी आहे, तरी एकदा बघा. खरं कारण मला वेगळं वाटतं: तुमच्या साइटवर "केळी" हा शब्दच मराठीत नाही, मग गूगल तो दाखवणार कुठून? मजकूर बदलल्यावर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्या. तिथे कोणत्या शब्दांवर साइट दिसते ते कळतं. बरेच जण मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात, हेही तिथे दिसेल. तसे एक-दोन शब्द प्रश्नोत्तरांच्या भागात सहज येऊ द्या, पानभर भरू नका.

गॅलरीतले फोटो फोनमधून तसेच चढवले असतील तर एकेक ३ ते ५ एमबीचा असेल. रुंदी १,२०० पिक्सेल करा आणि वेबपी स्वरूपात साठवा. शंभर-दीडशे केबीत चांगला फोटो बसतो. शेतात रेंज एकच काडी असते, हे धरूनच साइट बांधायची. गूगलचा निकष असा की पानातला सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साइटवर पत्ता टाकून मोबाइलचा आकडा बघा, कॉम्प्युटरचा नको.

फॉर्म: तो सध्या काम करतो का, हे दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून भरून तपासा. वर्डप्रेस सर्व्हरमधून थेट जाणारे मेल पुष्कळदा स्पॅममध्ये पडतात किंवा पोचतच नाहीत. एसएमटीपी प्लगइन (मेल खऱ्या ईमेल खात्यामार्फत पाठवणारी जोडणी) लावून मेल पाठवला की हा त्रास बहुतेक थांबतो. कदाचित विचारणा आल्याही असतील, तुमच्यापर्यंत पोचल्या नसतील. तरीही शेतकऱ्यासाठी फॉर्म हा मार्ग नाही. स्क्रीनच्या तळाशी कायम दिसतील अशी दोनच बटणं ठेवा, फोन आणि व्हॉट्सॲप. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये ९१ आणि लगेच दहा अंकी नंबर, मध्ये अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा नाही. एवढ्याशा चुकीने लिंक उघडत नाही. लिंकमध्ये आधीच भरलेला संदेश ठेवता येतो: "गाव: … खोडं: … लागवड महिना: … अडचण: … (पानाचा फोटो सोबत)". माणसाला फक्त जागा भरायच्या राहतात, आणि तुम्हाला पहिल्याच संदेशात कामाचं सगळं मिळतं.

सातपुडा_पायथा

मोठ्या शंकेचं उत्तर मी देतो. माहिती लिहून टाकल्याने काम जात नाही. फवारणीची नावं तर कृषी केंद्रावरही मिळतात. शेतकरी पैसे देतो ते *त्याच्या* बागेत नेमकं काय झालंय हे ठरवण्यासाठी, आणि चुकीच्या फवारणीचा खर्च वाचवण्यासाठी. म्हणून साइटवर ओळखायचं कसं हे सढळ हाताने लिहा.

उदाहरण घ्या. पान पिवळं पडलं की सगळे करपा समजतात. साइटवरच्या तुमच्या पानावर पहिलाच प्रश्न असा हवा: पिवळं पान खालचं जुनं आहे की वरचं कोवळं? सिगाटोका करपा खालच्या पानांवर शिरांना समांतर बारीक पिवळ्या रेघांनी सुरू होतो. पुढे तपकिरी डाग पडतात आणि त्यांचा मधला भाग राखाडी होतो. पालाशाची कमतरताही जुन्याच पानांवर दिसते, पण तिथे पिवळेपणा आणि वाळणं कडेकडून येतं. सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस हा विषाणूजन्य रोग) मात्र नव्या पानांवर पिवळसर पट्ट्यांनी दिसतो आणि पुढे पोंगाही (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडू शकतो. तिघांचे फोटो शेजारी शेजारी लावा. मग लिहा की सीएमव्हीवर औषध नाही, तो माव्यामार्फत पसरतो, झाड उपटून नष्ट करावं लागतं, आणि बागेत किंवा बांधाला काकडीवर्गीय पिकं ठेवू नयेत. हे वाचून ज्याची शंका फिटेल तो तुमचं नाव लक्षात ठेवेल. ज्याची फिटणार नाही तो फोटो पाठवेल, आणि तोच तुमचा गिऱ्हाईक.

औषधांच्या मात्रा मात्र साइटवर टाकू नका. फवारणी लेबलवर त्या पिकासाठी मान्यता असलेल्या औषधाचीच करायची असते. निर्यातीच्या मालात अवशेषांची मर्यादा वेगळी, कापणीपूर्वीचा थांबा वेगळा. साइटवर लिहिलेली मात्रा कोणत्या बागेत, कोणत्या अवस्थेत वापरली जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. "मात्रा बाग बघून लेखी देतो" एवढं पुरे. पानावर शेवटच्या सुधारणेची तारीख हवी. जळगावचं केळी संशोधन केंद्र किंवा पालचं कृषी विज्ञान केंद्र यांची शिफारस वापरली असेल तर तिथेच नाव घेऊन लिहा. जिल्ह्यात ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, भरवसा आपोआप वाढतो.

पानं हंगामाच्या आधी तयार ठेवा. गूगलला नवं पान वर आणायला वेळ लागतो, म्हणून सहा ते आठ आठवडे आधी चढवलं तर ऐन वेळी दिसतं. मृग लागवडीचं पान (रोप कसं पारखायचं, बेसल डोस, बेड, ठिबकची नळी) एप्रिलमध्ये. सीएमव्हीचं जूनमध्ये. करपा आणि कांदेबाग ऑगस्टपर्यंत. थंडीचं ऑक्टोबरमध्ये. तापमान १६ अंशांच्या खाली गेलं की केळीची वाढ मंदावते, निसवण (घड बाहेर पडणं) लांबते, घड अडकतो, आणि डिसेंबरात लोक नेमकं हेच शोधतात. मे महिन्यातल्या उष्ण वाऱ्याचं, शेवरीच्या कुंपणाचं पान मार्चमध्ये. वर्षात पाच पानं चांगली झाली तरी भरपूर आहेत. दर आठवड्याला काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलेले लेख कोणी वाचत नाही.

फोटो विकतचे नकोत. दुसऱ्या मुलखातली केळी आपल्या माणसाला एका नजरेत ओळखू येते, आणि मग बाकीच्या मजकुरावरही विश्वास बसत नाही. लक्षणाच्या फोटोत मापासाठी हात किंवा पेन ठेवा, सावलीत घ्या, दुपारच्या उन्हात पिवळा रंग उडून जातो. बाग सुधारल्याचं दाखवायचं तर दोन्ही फोटो त्याच ओळीतून, त्याच उंचीवरून, खाली लागवडीपासूनचा दिवस लिहून. नुसता मोठा घड दाखवून काही सिद्ध होत नाही.

केळीबाग_यावल

फार मोलाचं सांगितलंत. फॉर्म लगेच तपासतो. दोन गोष्टी राहिल्या: ऑफिस नाही, घरूनच काम आहे, तर गूगल मॅपवर नोंद करावी का? आणि शेतकऱ्यांचे अभिप्राय कसे घ्यावेत?

कोडवाला_धुळे

नोंद जरूर करा, फुकट आहे. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये "ग्राहकाच्या जागी जाऊन सेवा" हा पर्याय घेतला की घरचा पत्ता लपवता येतो आणि सेवेचे भाग टाकता येतात, जास्तीत जास्त २०. गावं भरत बसू नका, तालुके टाका. पडताळणीसाठी गूगल बहुधा व्हिडिओ मागतं. त्यात परिसर, कामाची साधनं, तुमच्या नावाचं लेटरपॅड किंवा गाडीवरची पाटी दिसू द्या. प्रोफाइलमधलं नाव जे खरं आहे तेच ठेवा. नावापुढे "जळगाव नंबर वन केळी सल्ला" असं जोडलं तर प्रोफाइल बंद पडू शकतं. त्याच प्रोफाइलमधून मिळणारी फुकट वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, त्यामुळे स्वतःची साइट लागतेच.

अभिप्राय घ्यायची योग्य वेळ म्हणजे कापणी होऊन पैसे हातात आल्यावरचा आठवडा. प्रोफाइलमधून अभिप्रायाची लिंक मिळते, ती पाठवा. "चांगलं लिहा" म्हणू नका. विचारा: आधी काय अडचण होती, काय बदललं, कापणीला काय फरक पडला? अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा भेट देणं गूगलच्या नियमात बसत नाही. ज्याला लिहिणं जमत नाही त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, अहिराणी किंवा लेवा गणबोलीत बोलला तर तसाच राहू द्या, खाली मराठीत दोन ओळी. यावल-रावेरच्या माणसाला ती बोली ऐकली की हा आपल्याच शिवारातला आहे हे कळतं.

जाहिरात करायची तर साइट सुधारल्यावर, आणि फक्त हंगामात. गूगलच्या शोध-जाहिरातीत ठिकाणाच्या पर्यायात "त्या भागात असलेले लोक" एवढंच निवडा. ते मूळ सेटिंग तसंच राहिलं तर जळगावमध्ये *रस* असलेल्या कुठल्याही गावच्या माणसाला जाहिरात दिसते. नकारात्मक शब्दांची यादी पहिल्या दिवशीच भरा: भाव, बाजारभाव, चिप्स, वेफर्स, रेसिपी, फायदे, कॅलरी, अनुदान, विमा. केळी या शब्दावर सगळ्यात जास्त शोध यांचेच असतात आणि पैसे तिथेच वाहून जातात. फोनची जाहिरात तुम्ही फोन उचलू शकता त्याच वेळेत चालू ठेवा. फोन आणि व्हॉट्सॲपच्या बटणांवर किती टिचक्या पडतात ते ॲनालिटिक्समध्ये वेगळं मोजा. पानावर किती जण आले या आकड्यावरून काम ठरत नाही.

तापीकाठ

जाहिरातीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पहिलं वर्ष तो पैसा व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या लिंका नीट दिसाव्यात यावर लावा. आपल्याकडे लिंक गावाच्या, भाऊबंदांच्या, ठिबकवाल्यांच्या ग्रुपमधूनच फिरते. प्रत्येक पानाला शेअरचं चित्र १,२०० बाय ६३० पिक्सेलचं, ३०० केबीच्या आत, त्यावर "कोवळ्या पानावर पिवळे पट्टे? आधी हे बघा" एवढीच ओळ. ते एक चित्र ग्रुपात जितकं पोचेल तितकं शोध-जाहिरातीतून पोचायला बराच खर्च येईल.

अक्षरजुळणी

परवानगीचं राहिलं. शेतकऱ्याचं नाव, फोटो, गाव टाकण्याआधी त्याची लेखी संमती घ्या, व्हॉट्सॲपवरचा "हो, टाका" असा संदेशही जपून ठेवा. गट नंबर, उत्पन्नाचे पैसे, व्यापाऱ्याचं नाव टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती कशासाठी घेतली ते सांगणं आणि संमती घेणं आवश्यक केलं आहे. म्हणून नंबर घेता तिथे एक ओळ लिहा: हा नंबर फक्त तुमच्या बागेच्या सल्ल्यासाठी वापरू, कोणाला देणार नाही. "जळगाव केळी"ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा उल्लेख माहितीत करा, पण त्याचं चिन्ह तुमच्या सेवेला लावू नका. ते मानांकन केळीचं आहे, सल्ल्याचं नाही.

आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा. साइट बनवणारे ते पुष्कळदा स्वतःच्या खात्यात घेतात. खातं तुमच्या ईमेलवर करून घ्या, नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाका, वर्डप्रेसचा मुख्य पासवर्ड आणि होस्टिंगचा लॉगिन लेखी मागा. मजकुराचं सगळं काम त्यानंतरच सुरू करा.